दाराचा दांडा

तिला सगळे व्हॅनमावशी म्हणत. आधी शाळेची पोरं म्हणायची, मग त्यांच्या आया म्हणू लागल्या, मग दूधवाला. शेवटी तर दवाखान्यातली नर्ससुद्धा केसपेपरकडे न बघता "व्हॅनमावशी, या आत" म्हणून पुकारायची. तिची नणंद तेवढी "वहिनी" म्हणे, तेही मन ठिकाणावर असलं तर. एरवी, "ओ ड्रायव्हरबाई!"

जन्म गेला दुसऱ्यांची पोरं शाळेत सोडण्यात. व्हॅन जुनी, बाजूला सरकत्या दाराची. दर थांब्याला उतरायचं, वळसा घालून दार ओढायचं, पुन्हा चढायचं, यात बायकोचे गुडघे कामातून जातील म्हणून नवऱ्याने तिच्या डाव्या हाताशी एक लोखंडी दांडा बसवून दिला. तो वेल्डिंगचं काम करायचा. दांडा मागे ओढला की दार उघडे, पुढे ढकलला की लागे. गाडी थांबली, किल्ली फिरवली, दांडा ओढला. हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की त्यासाठी तिला डोकं लागतच नसे.

पुढे नवरा गेला. शाळेने मोठ्या बसगाड्या घेतल्या. व्हॅन घरासमोर उभी राहिली आणि मावशी खिडकीत.

"गाडीलाही गंज चढतोय आणि तुम्हालाही," नणंद म्हणाली. "दोघींना एकदमच भंगारात घालू का?"

त्याच सुमारास जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा लहानपणी याच व्हॅनमधून शाळेत जायचा. दवाखान्यामागे त्यांनी कुत्र्यांसाठी आसरा उभा केला होता. मारलेली, टाकून दिलेली, साखळीला बांधून विसरलेली कुत्री तिथे बरी होत आणि मग लांबच्या गावांत घरं मिळवत. त्यांची गाडी बिघडली होती. एकच खेप कराल का, मावशी?

मावशी लहानपणापासून कुत्र्यांना घाबरायची. पोटरीवर चाव्याचा व्रण होता. समोरून कुत्रं आलं तर ती रस्ता बदलायची. तरीही नाही म्हणता आलं नाही, आणि ती गेली. पहिलंच कुत्रं पिंजऱ्यात वाटभर थरथरत बसलं होतं. पहिल्या दिवशी शाळेला निघालेलं पोर जसं आईच्या ओढणीचं टोक हातात नाही म्हणून नुसतं खिडकीकडे बघत राहतं, अगदी तसं. एका खेपेच्या कितीतरी खेपा झाल्या. घरून पेट्रोल, घरून वेळ, आणि सोबतीला नणंद, कारण नणंदेला हिने एकटीने जाणं मान्य नव्हतं.

पण भीती काही गेली नाही. उलट वाढली. आधी चावण्याची होती, आता दुसरीच होऊन बसली. कुणीतरी विश्वासाने जीव हवाली केलाय आणि तो आपल्या हातून निसटला तर? खेपेच्या आदल्या दिवसापासून तिला जेवण जात नसे. देवापुढे हात जोडून ती एवढंच म्हणे, "दार उघडायची बुद्धी नको देऊस रे बाबा."

कारण डॉक्टरीणबाईंचा पहिला नियमच तो होता. पिंजरा उघडायचा तर गाडीची दारं बंद. गाडीचं दार उघडायचं तर पिंजरा बंद. दोन्ही एकदम उघडं कधीही नाही. आणि दर वेळी त्यांची नजर त्या दांड्यावर जाई.

"मावशी, एवढा काढून टाका हो. एक दिवस घात करेल."

"बरं," मावशी म्हणे. आणि काढत नसे. घरात नवऱ्याच्या हातचं उरलं होतं ते तेवढंच.

त्या दिवशी भुरीला न्यायचं होतं. भुरी एका घराच्या तळघरात, जिन्याखाली, वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली सापडली होती. उजेड दिसला की ती अंग चोरून अंधाराचा कोपरा शोधायची. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्यात पट्टा घातला होता आणि त्याला एक बारीक, लांब दोर तसाच मोकळा सोडला होता.

"हिला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "ही चावायची नाही. ही पळेल. आणि पळाली की संपलं, मावशी. दुसरं कुत्रं घर शोधत येतं. हिला आपलं असं कुणी माहीतच नाही, येणार कुणाकडे?"

मावशीने पिंजरा पट्ट्यांनी आवळून बांधला, वर गोधडी टाकली, कडी ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. डोंगरापलीकडच्या गावात एक शिवणकाम करणारी बाई भुरीची वाट बघत होती. घरात एकटी, मागे उंच भिंतीचं अंगण.

"वन्सं, आज तोंडाला कुलूप," मावशीने बजावलं. "हिला आवाज सोसत नाही."

"मला कुलूप लावायला माझा नवरा जन्मभर धडपडला," नणंद म्हणाली. "तुम्ही बघा जमतंय का." पण बसली गप्प, पदर तोंडाशी धरून.

डोंगर उतरल्यावर रस्ता उखडलेला लागला. नवीन थर टाकायला खणून ठेवला होता. मावशीने गाडी बैलगाडीच्या चालीने काढली, तरी हादरे बसायचे ते बसलेच. खडखडाट संपला, सपाट रस्ता आला, ट्रकांची रांग बाजूने सुसाट जाऊ लागली, आणि मावशीने सवयीने वरच्या आरशात पाहिलं. पोरांवर लक्ष ठेवायला लावलेला तो मोठा आरसा.

मागच्या बाकाखालून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"वन्सं," ती म्हणाली. आवाज स्वतःलाच ओळखू येईना. "मागे वळू नका. पिंजऱ्याचं दार उघडलंय."

नणंद मागे वळलीच. मग हळूच पुढे फिरली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

"कडी निघाली असेल हादऱ्याने," ती पुटपुटली. "काही होत नाही. दारं बंद आहेत. काचा वर आहेत. कडेला घेते, डॉक्टरीणबाईंना फोन करते. दार कुणी उघडायचं नाही. कळलं का? कुणी म्हणजे कुणी नाही."

"हो हो. मी कशाला उघडते?"

पंक्चरच्या एका टपरीपुढे मोकळी जागा होती. मावशीने गाडी अलगद तिथे घेतली. मनात एकच जप चालू होता, दार नाही, दार नाही, दार नाही. गाडी थांबली. तिने किल्ली फिरवली.

आणि डाव्या हाताने दांडा ओढला.

दार खर्रकन सरकलं. उजेडाचा लोट आत आला. मावशी आपल्या हाताकडे बघत राहिली, परक्या माणसाचा हात आपल्या खांद्याला कुणी जोडून गेल्यासारखी.

"वहिनी!" नणंद कुजबुजली. "काय केलंत हे?"

भुरी उजेडाला दचकली, आधी मागे सरकली, मग पिंजऱ्याला अंग घासत पुढे आली आणि धप्पकन खाली पडल्यासारखी उतरली. मावशीने डोळे मिटले. आता ब्रेकचा आवाज येणार. आता ट्रकखाली काहीतरी येणार. देवा, देवा. काही आलं नाही. डोळे उघडले तर दाराबाहेर नुसती धूळ, आणि धुळीत तो बारीक दोर. दोराचं एक टोक बाहेर. दुसरं गाडीखाली गेलेलं.

ती गाडीखाली शिरली होती. अंधार शोधत.

पलीकडे हाताच्या अंतरावर ट्रक धावत होते. गाडी हलवणं तर शक्यच नव्हतं. मावशी कशी उतरली हे तिला पुढे कधी आठवलं नाही. उतरली, बसली, दोराचं टोक मनगटाला दोन वेढे देऊन धरलं. ओढायचं मात्र नाही. ओढलं तर भुरी मान मागे घेईल, पट्टा डोक्यावरून निघेल, मग दोर आपल्याकडे आणि कुत्री रस्त्यावर.

तेवढ्यात टपरीतून पंक्चरवाला आला, हात फडक्याला पुसत. "काय ताई, चाक बसलं का?"

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. त्याने वाकून पाहिलं. "अरेच्चा! कुत्रं! थांबा, पहार आणतो, मागून ढोसलं की निघतंय बाहेर."

तो वळला तसा नणंदेने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. "पहार आणलीत ना भाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तर आधी तुम्हाला ढोसेन. आवाज करू नका."

"मग काय करू?"

"काहीच करू नका. जमतं का बघा. मीही तेच शिकतेय."

मावशी जमिनीवर आडवी झाली. गालाला खडी टोचत होती, तेलाचा वास येत होता. मागच्या चाकापाशी भुरी पोट जमिनीला चिकटवून पडली होती. जबडा थरथरत होता. तोंड इतकं जवळ की श्वास मावशीच्या हाताला लागत होता. पोटरीवरचा जुना व्रण ठणकतोय असं तिला वाटलं. इतक्या जवळ कुत्र्याचे दात तिने तेव्हापासून पाहिले नव्हते. पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. एका गाडीखाली ती आणि भुरी, दोघींनाही पळायचंय, आणि मध्ये एक दोर.

शाळेच्या दिवसांत गाडीत चढायला नकार देणारी पोरं असत. आया ओढत, रागवत, चॉकलेट दाखवत. मावशी म्हणे, सोडा त्याला. मग पोरापेक्षा त्याच्या दप्तराशीच बोले, दप्तर आधी बाकावर बसवे, नेहमीच्या जागी. थोड्या वेळाने पोर आपणच दप्तराशेजारी जाऊन बसे.

"वन्सं," ती मान न हलवता म्हणाली, "पिंजरा उतरवा. मागच्या दाराने. तिच्या पाठीशी, चाकाला लागून ठेवा. दार तिच्याकडे. गोधडी वरून सोडा, आत अंधार झाला पाहिजे."

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

जन्मभर भांड्यांची आदळआपट करून स्वयंपाकघर गाजवणारी नणंद ती. पण तिने मागचं दार असं उघडलं की बिजागरीला कळलं नाही. पिंजऱ्याचे पट्टे तिने एकेक करून सोडले. पंक्चरवाल्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी पिंजरा काचेचा असावा तसा खाली ठेवला आणि गोधडी पसरली.

भुरीने मान वळवली नाही.

ऊन चढत होतं. मावशीच्या हाताला मुंग्या आल्या. भुरीकडे बघायचं नाही म्हणून ती जमिनीकडे बघत होती आणि मनात देवाशी भांडत होती. तुला म्हटलं होतं ना, ती बुद्धी देऊ नकोस. मग लगेच वाटलं, बुद्धी त्याने कुठे दिली? बुद्धी तर नको म्हणत होती. हात माझा होता.

पंक्चरवाल्याला वाटलं, आपण काहीच करत नाही हे काही बरं नाही. ट्रक जरा लांबून गेले तर बरं, म्हणून तो रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवू लागला. पहिल्या ट्रकवाल्याला कळलं, तो बाजूने गेला. दुसऱ्याला कळलं नाही. माणूस रस्त्यात उभा दिसला तसा त्याने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.

दोर ताडकन ताणला गेला. मनगटाची साल निघाल्यासारखी आग झाली. मावशीला फक्त धूळ दिसली. कुठल्या दिशेला गेली ते कळलं नाही. तिने ओढलं नाही. हात दोराबरोबर जाऊ दिला, खांद्यापर्यंत, चाकाच्या पलीकडे, आणि वाट पाहिली. पट्टा निघाला असेल तर दोर आता ढिला पडेल.

दोर ढिला पडला.

"गेली," ती म्हणाली.

"कुठे गेली?" वरून नणंदेचा आवाज आला, रडका आणि हसरा एकदमच. "पिंजऱ्यात आहे तुमची लेक. मी कडी घातली. वहिनी, मी कडी घातली हो! अंगावर बसलेय पिंजऱ्याच्या, आता उठणार नाही."

मावशी गाडीखालून निघाली आणि तिथेच धुळीत बसून ढसाढसा रडली. पंक्चरवाला येऊन उभा राहिला, ओशाळला. "ताई, माझं चुकलं का?"

"तुमचं काही नाही," ती म्हणाली. "दोरी आहे का तुमच्याकडे? बळकट."

त्याने ट्यूबची कापलेली रबरी पट्टी आणून दिली. तिने कडीवरून ती आवळली आणि तिघांनी मिळून पिंजरा पुन्हा गाडीत बांधला. उरलेली पट्टी हातात घेऊन ती गाडीत आपल्या जागी बसली आणि दांड्याकडे बघत राहिली. वेल्डिंगचे टाके अजून स्पष्ट होते, एक जरा वाकडा.

"काढायचा का?" नणंदेने विचारलं. दादाचं काम होतं ते, तिलाही ठाऊक होतं. "पंक्चरवाल्याकडे करवत असेल."

मावशीने नाही अशी मान हलवली. मग पट्टी नणंदेपुढे धरली. "तुम्ही बांधा. माझ्या हाताने बांधली तर माझा हात सोडेल."

नणंदेने दांडा सीटच्या पायाला बांधला, गाठीवर गाठ.

तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. मावशीने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"भुरी बरी आहे?"

"आहे."

"मग पुढे जा, मावशी."

शिवणकाम करणाऱ्या बाईने अंगणाचं दार लावून घेतलं, मगच पिंजरा उघडला. भुरी बाहेर आली नाही. बाई मशीनपाशी जाऊन बसली आणि काहीच न घडल्यासारखी कापड सरळ करू लागली. मावशी खिडकीतून बघत होती. दिवस कलताना भुरीचं नाक तेवढं गोधडीबाहेर आलं.

मावशी अजून कुत्री पोचवते. आदल्या दिवशी जेवण अजून जात नाही. गाडी थांबते, ती किल्ली फिरवते, आणि डावा हात निघतोच, गाठीवर जाऊन टेकतो. शेजारून नणंद म्हणते, "आहे हो, आहे. चाचपून झालं असेल तर उतरा आता."