चार चाकांखालची लिंबं

माझ्या बायकोचे हात त्यानं सगळ्यांसमोर हुंगले.

भर सकाळी, शोरूममध्ये. गाडी न्यायला आलेलं एक कुटुंब सोफ्यावर बसलेलं, हातात कॉफीचे कप. मॅनेजर म्हणाला, "मावशी, हात पुढे करा." सगुणानं केले. शाळेत मास्तर नखं बघतो तसे. तो कमरेत वाकला, नाकाला रुमाल लावला आणि हुंगलं. नाकाला रुमाल लावून वास घेतो म्हणजे केवढा हुशार माणूस बघा. मग सरळ होऊन म्हणाला, "ॲसिड. मला वाटलंच होतं."

हाताला कांद्याचा वास होता. सकाळी आमच्या दोघांच्या डब्यासाठी तिनं कांदा चिरला होता.

मी चार पावलांवर मॉप धरून उभा होतो.

नांद्याच्या रस्त्याला हे शोरूम. ज्या रानात आम्ही मेंढरं बसवायचो, तिथंच ते उभं राहिलं. मेंढरं गेली, आम्ही नवराबायको तिथंच साफसफाईला लागलो. तिथली फरशी साधी न्हाई. काँक्रीटच, पण रंगवलेलं, नक्षी काढलेलं, आणि वर काचेसारखा एक पातळ थर. त्याला सीलर म्हणतात. सगळी मिजास त्या थराची. थर गेला की खालचं काँक्रीट पाणी पितं, तेल पितं, मग घासून घासून मेलात तरी डाग निघत न्हाई.

आधी कोरडा मॉप फिरवायचा. खडा राहिला तर ओल्या मॉपखाली फिरून ओरखडे काढतो. मग बादलीभर पाण्यात दोन झाकणं सौम्य लिक्विड. जास्त टाकलं की चिकट पापुद्रा बसतो. मॉप पिळून घ्यायचा, पाण्याचं तळं करायचं न्हाई. पाणी गढूळ झालं की बदलायचं. तारेची घासणी न्हाई, फिनेल न्हाई, ॲसिड तर त्या खोलीतच आणायचं न्हाई. ज्यानं फरशी ओतली त्या कारागिरानं हे सगुणाला एकदा सांगितलं. एकदाच. मला तिनं तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. मॅनेजरला कुणी सांगितलंच न्हाई, कारण त्यानं विचारलंच न्हाई. त्याच्या मतानं फरशी पुसायला काय लागतं? दोन हात आणि गरिबी.

आता त्यांचा सोहळा सांगतो. गाडी विकली की तिच्यावर चादर टाकायची, मग चादर ओढायची, टाळ्या. बॉनेटला हार. पुठ्ठ्याची हातभर किल्ली हातात देऊन फोटो. केक कापायचा, गाडीचं बारसं असल्यासारखा. आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू. गाडी पुढं घेतली की लिंबू फच्चकन फुटतं. इडापिडा टळली म्हणायचं. त्यांची टळली, आमच्या फरशीत शिरली. रस, साल, वरून तेवढ्या वजनाचं चाक रगडलेलं. फोटो संपेस्तोवर ते तसंच पडून. आम्हाला जवळ जायची बंदी. झाडूवाले फोटोत येतात म्हणून.

फरशीवर फिक्के, खरबरीत डाग पडले. चार इथं, चार तिथं. गाडीच्या चाकांत असतं तेवढ्याच अंतरावर. चाकं विकून पोट भरणाऱ्या माणसाला ते दिसलं न्हाई. त्याला सगुणाचे हात दिसले.

ती म्हणाली, "सायेब, ह्ये लिंबाचं हाय. आमच्या वट्याच्या कडप्प्यावर लिंबू चिरलं की पांढरा डाग पडतो, जात न्हाई. हितंबी तसंच झालंय."

मॅनेजर सोफ्याकडं बघून हसला. "लिंबानं काँक्रीट जळतं? मग सरबत पिऊन आपली पोटं जळायला पाहिजेत. मेंढ्या वळायच्या सोडून मावशी आता आपल्याला केमिस्ट्री शिकवतायत!"

सगळे हसले. सोफ्यावरची बाईसुद्धा, कप तोंडापुढं धरून.

आणि मी काय केलं? मी सगुणाला म्हणालो, "गप बस गं. सायबांना कळतंय."

लिहायला बसलो तेव्हा हे वगळावं वाटलं. वगळलं तर माझ्यात आणि त्या मॅनेजरात फरक काय राहिला?

घरी जाताना ती वाटेत एकदाच बोलली. "तुमाला तरी म्हाईत हाय ना, म्या न्हाई केलं त्ये?"

मी म्हणालो, "जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिला फरशीवरनं काढून बाथरूमला लावलं. ॲसिड वापरते म्हणून, जिथं रोज ॲसिडनंच घासायचं तिथं पाठवली. ही त्यांची अक्कल. हाताला भेगा पडल्या. रात्री खोबरेल लावायची, सकाळी परत तेच. वर्षानं छातीचं दुखणं निघालं आणि गेली. ॲसिडनं गेली असं मी म्हणणार न्हाई. ज्याची खात्री न्हाई ते ठोकून द्यायचं, हे मॅनेजरचं काम.

ती बाथरूमला असताना फरशीवर नवे डाग पडतच होते. ती मेल्यावरही पडले. कुणी विचारलं न्हाई की आता कोण करतंय. एकदा ठरलं होतं ना, मावशीनं केलं. मेलेली बाई त्यांना बरी. उलटून बोलत न्हाई.

तेरावं करून कामावर गेलो. त्याच आठवड्यात नेरे गावच्या दोन बाया नवीन कामाला आल्या. मॅनेजर त्यांना शिकवायला उभा राहिला. ज्याला मॉप पिळता येत न्हाई तो. शेजारी एक गाडी हार घालून तयार, गिऱ्हाईक ताट घेऊन उभं. मॅनेजरनं बूट एका डागावर ठेवला.

"हे बघा. एका मावशीनं ॲसिड टाकलं. या काकांच्याच मिसेस." मग माझ्याकडं वळून, गोड आवाजात, "काका, तुम्हीच सांगा ना यांना, काय चूक केली ते. म्हणजे लक्षात राहील."

माझं टक्कल अजून खरखरीत होतं. केस नीट उगवले नव्हते. त्या टकलाकडं बघत तो मला हे सांगायला लावत होता.

मी म्हणालो, "न्हाई."

"काय नाही?"

"तिनं न्हाई केलं. आन् मी सांगणारबी न्हाई."

तेवढ्यात गाडी लिंबांवरनं गेली. टाळ्या झाल्या. केक कापला, फोटो सुरू झाले. मी मॉप भिंतीला लावला आणि गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर जाऊन बसलो. इतकी वर्षं तो पुसत आलो होतो, बसलो त्या दिवशी. मऊ आहे, पण पाठ दुखते.

गिऱ्हाईक गेल्यावर मॅनेजर तणतणत आला. "काका, उठा. ते लिंबू पुसा."

"थांबा जरा. मुरू द्या."

"मुरू द्या? लोणचं घालताय का?"

नेऱ्याची एक बाई फिसकन हसली. त्याला वाटलं मला हसली. ती त्याला हसली होती.

तासाभरानं उठलो. साल उचलली, साध्या पाण्यानं पुसलं, कोरडं केलं. लिक्विडसुद्धा घेतलं न्हाई, उगाच म्हणायला जागा नको. चार फिक्के डाग. दोघी बाया वाकून बघायला लागल्या. एकीनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं बाई, खरबरीत झालं की!" मॅनेजरही वाकला. या वेळी रुमाल न्हाई लावला.

मग म्हणाला, "ओके. म्हणजे लिंबू असू शकतं. उद्यापासून चाकांखाली रबरी मॅट टाकू. झालं गेलं सोडा काका."

इतकंच. एका मॅटवर मिटवत होता.

मी म्हणालो, "आता या दोघींसमोर म्हणा, सगुणानं केलं नव्हतं."

त्यानं मोबाईल काढला. बघत बघतच म्हणाला, "काका, त्या आता नाहीयेत ना. मग काय उपयोग?"

असली माणसं आम्हाला अक्कल शिकवतात. गाडीला ओरखडा पडला तर यांची धावाधाव, कारण गाडीला मालक असतो. बाईच्या नावाला डाग लागला, तर म्हणे ती नाहीये.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण त्या दिवशी एक गोष्ट समजली. ती असताना तिच्या बाजूनं दोन शब्द बोललो असतो तर ते तिनं ऐकले असते. आता ऐकणार न्हाई. मी कितीही बोललो तरी ते फिटणार न्हाई, आणि फिटावं म्हणून मी बोलतही न्हाई. तिच्यावरचा आळ खोटा आहे म्हणून बोलतोय.

काम मी सोडलेलं न्हाई. सोडू कशाला? फरशी मला येते, त्याला येत न्हाई. नवीन कुणी कामाला आलं की आधी मी सांगतो. हे डाग लिंबाचे. आळ सगुणावर घेतला. घेणारा तो, काचेच्या केबिनमधला. आणि नवरा असून तिला गप करणारा मी.

त्याला मी साहेब म्हणायचं बंद केलंय. तो सगळ्यांसमोर उभा राहून तिचं नाव घेऊन सांगेल, मी खोटं बोललो, तोवर म्हणणार न्हाई. तो म्हणतो, काका, नोकरीवरून काढीन. काढ. फाटकाबाहेर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन. दिवसभर सांगेन. मला आता घरी जायची घाई न्हाई.