पुंजारामचं बसणं

हां, तर काल सांगत होतो ते हे, की पुंजाराम ताटावरून तिसऱ्यांदा उठला. भाकरी निम्मी तशीच, आणि गडी दारात जाऊन रस्ता बघतोय. रस्त्यावर काय, तर कुणाची तरी बैलगाडी दौलताबादकडं चाललेली.

हा पडेगावातला माझा शेजारी. शेती बरी, अंगानं धडधाकट, पण एका जागी बूड टेकत नसे. रझाकारांच्या दिवसांत गाठोडं उशाशी घेऊन निजायची सवय लागली होती. कुत्रं भुंकलं की उठायचं, घोडं खिंकाळलं की उठायचं. पोलीस ॲक्शन झालं, गावं निवली, गाठोडी सुटली, पण याचं उठणं काही सुटेना. उन्हाळ्यात तर विचारूच नका. कीर्तनाला बसला की गुडघा हलायचा, आणि बघता बघता शेजारच्याचाही हलायला लागायचा.

बायको लक्ष्मीबाई सोसणारी. पण त्या दिवशी तिनं परात बाजूला सारली. म्हणाली, "एक जेवण माझ्यासमोर बसून जेवा. तेवढं जमंल तवा न्यायला या." आणि गेली गंगापूरला, माहेरी.

वैशाखात मला कासरा घ्यायचा होता, म्हणून याला शहरात सोबत नेलं. गुलमंडीवर फकिराचं अत्तराचं दुकान होतं. याच्या पायांचा नाच बघून फकिरा म्हणाला, "पाटील, बैठो जरा. गर्मी चढली तुमच्या डोक्यात." आणि खसाच्या अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया याच्या कानात खोचला.

खस म्हणजे आपला वाळाच हो, माठात टाकतो तो. मी कासरा घेऊन परत येतो तर पुंजाराम पायरीवर डोळे मिटून बसलेला, गुडघा गप्प.

"चल की," मी म्हणालो.

"थांब रं जरा. माठापाशी बसल्यावानी वाटतंय."

त्याच्या तोंडून 'थांब' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

त्यानं खसाची एक कुपीच घेतली. दुसऱ्या दिवशी मोटारीनं आम्ही दोघं गंगापुरात. ओसरीवर सासरे तात्यासाहेब गावच्या चार लोकांत बसलेले. या उतावळ्यानं पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच कुपी काढली, आणि तात्यासाहेबांपासून सगळ्यांच्या मनगटांना अत्तर लावून मोकळा झाला.

आता बैठकीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. अत्तर-पान झालं म्हणजे बैठक मोडली. ते चौघं मुकाट उठले, वहाणा चढवल्या आणि चालू लागले.

तात्यासाहेबांनी मनगट नाकाशी नेलं. म्हणाले, "वास झ्याक आहे. पण जावईबापू, आलात न आलात तोच निघालात व्हय? लेक काय खोटं सांगत नव्हती."

आत बांगड्या वाजल्या. लक्ष्मीबाईनं ऐकलं होतं.

पुंजारामचं तोंड एवढंसं झालं. गुडघा हलू लागला. मला वाटलं, झालं, आता हा पळतोय. पण ओसरीभर खस दरवळत होता. दारातून येणारी झळसुद्धा ओल्या मातीवरून आल्यासारखी लागत होती. त्यानं कानातला फाया चाचपला, लांब श्वास घेतला आणि पाठ खांबाला टेकवली.

लक्ष्मीबाईनं ताटं आणली आणि समोरच बसली. एक भाकरी झाली, दुसरी आली. तेवढ्यात बाहेर कुत्रं भुंकलं. पुंजारामचा हात ताटावर थांबला. माझा घास तोंडातच. लक्ष्मीबाई त्याच्याकडं नाय, त्याच्या गुडघ्याकडं बघत होती.

"आमटी वाढ," पुंजाराम म्हणाला.

जेवला, हातसुद्धा ताटातच धुतला, आणि बसूनच राहिला. ऊन कललं. तात्यासाहेबांची एक झोप झाली. तरी हा खांबाला टेकलेलाच. शेवटी लक्ष्मीबाई आपलं गाठोडं घेऊन उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "आता तरी उठा की. मोटार जाईल."

पुंजारामनं कुपीचं बूच काढलं.

"तुझ्या हाताला कुठं लावलंय अजून? ये, बस जरा. तुला लावतो, मंग उठू दोघं."