रोहिणीताई आणि आमचा बँड

रोहिणीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणंदला एका नवरदेवाच्या वडिलांशी घासाघीस करत होतो. वरात किती वाजता निघायची, माणसं किती, जेवण कुणाकडे, यावर तासभर आमची जुंपली होती. फोन निखिलचा, म्हणजे आमच्या आल्बमचं रेकॉर्डिंग केलेल्या मुलाचा. "मास्तर, ताई गेल्या," एवढंच तो बोलला. मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्या गृहस्थांना म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं. ते उलट घाबरले. बँडवाला इतक्या लवकर ऐकतो म्हणजे ऐन लग्नात दगा देणार, असं त्यांना वाटलं असावं. त्याला आता सहा आठवडे झाले...

ज्यांनी त्यांना ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोहिणीताई साताऱ्याच्या, शिक्षकाच्या घरातल्या. तीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गायल्या आणि आई थकली म्हणून गावी परतल्या. मी सांगलीचा. दुसऱ्यांच्या बँडात झांजा वाजवत मोठा झालो आणि पुढे स्वतःचा बावीस माणसांचा ब्रास बँड उभा केला. साताऱ्यात एका वरातीत आमच्यामुळे त्यांची रिक्षा अडकली. त्या उतरल्या आणि मांडवापर्यंत आमच्या मागून चालत आल्या. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी आधीच भांडायच्या तयारीत उभा राहिलो, तर त्यांनी विचारलं, "ते उंच कॉर्नेटवाले कोण?" ते आमचे अण्णा, कॉर्नेट म्हणजे ती आखूड पितळी तुतारी वाजवणारे, बँडात सगळ्यांत जुने. मग जॅझ म्हणजे काय ते त्यांनी आमच्या टेम्पोच्या फळीवर ताल धरून तिथेच गाऊन दाखवलं. मध्येच शब्द संपले आणि नुसते बोल सुरू झाले, कसलाही अर्थ नसलेले, पण असे की अण्णांनी पेटीत ठेवलेलं कॉर्नेट परत बाहेर काढलं.

त्यांना आमच्याबरोबर आल्बम करायचा होता. मी अटी घातल्या. काम चातुर्मासात, कारण तेव्हा लग्नं नसतात. जागा सांगलीतली. बँडचं नाव ताईंच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि माझ्या माणसांना काही सांगायचं तर ते मी सांगणार. त्यांनी सगळं कबूल केलं. इतक्या सहज की आणखी काहीतरी मागायला हवं होतं, असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

पण पहिल्याच तालमीत एक गोष्ट उघडी पडली, जी इतक्या वर्षांत माझ्याही ध्यानात आली नव्हती. आम्हाला गाणं संपवता येत नव्हतं. वरातीत गाणं संपवायचंच नसतं. कडवं झालं की मास्तर हात वर करतो आणि त्याच दमात पुढचं गाणं सुरू होतं, कारण मध्ये जरा शांतता पडली की नाचणारे ओरडायला लागतात. मांडव आला की ढोल थांबतो, तोच आमचा शेवट. ताईंच्या गाण्यांना मात्र शेवट होते, नेमके, सगळ्यांनी एका क्षणी थांबायचे. आषाढ संपला, श्रावण गेला, आम्ही नुसतं थांबायला शिकत होतो. मी ओरडलो, शिव्या दिल्या, एकदा दोघांना घरी पाठवलं. ताई त्यांना परत घेऊन आल्या.

रेकॉर्डिंग एका रिकाम्या मंगल कार्यालयात झालं. आम्ही हॉलमध्ये, ताई नवरीच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, कानावर हेडफोन घालून. त्यांना आम्ही ऐकू यायचो. त्यांचा आवाज मात्र फक्त माझ्या कानातल्या इअरफोनच्या तारेत. शेवटचं गाणं दोनदा झालं. पहिल्यांदा शेवटाला अण्णा थांबलेच नाहीत, वरातीच्या चालीत शिरले आणि सगळा बँड त्यांच्या मागोमाग. मी कानातली तार ओढून फेकली आणि अण्णांच्या अंगावर धावलो. दुसऱ्यांदा शेवट अगदी सुरीने कापल्यासारखा पडला. मला वाटलं, जिंकलो.

आल्बम इंटरनेटवर आला त्या दिवशी मी फलटणला लेकीच्या सासरी होतो. सगळं घर जमवून मोठ्या स्पीकरवर लावला. शेवटच्या गाण्यात कॉर्नेट वरातीत शिरलं तशी पोरं हसायला लागली आणि व्याही म्हणाले, "व्याही, हितंबी वरातच काढली व्हय?" ताईंनी चुकलेलं गाणं ठेवलं होतं. माझी शिवी तेवढी निखिलने काढली होती. मी तिथेच बंद केलं आणि बाहेर जाऊन ताईंना फोन लावला. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, दुसऱ्या वेळी तुमची माणसं घाबरलेली होती. ऐकू येतं ते. आणि तुम्ही पुढचं ऐकलंत का?" मी फोन कापला. दीड वर्ष बोललो नाही. आल्बम बऱ्याचदा लावला, पण ती जागा आली की बंद करायचो.

आजारपण कळलं तेव्हा साताऱ्याला गेलो. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, आवाज पार बसलेला. तब्येतीचं विचारून झालं आणि मी सरळ विषय काढला, तो शेवट बदला. त्या हसल्या. "बघायला आलात की सौदा करायला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"बरं. निखिलला सांगून ठेवते. तुम्ही म्हणाल तो शेवट." परत येताना मी खूश होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खूश होतो.

तेराव्यानंतर निखिलने त्या गाण्याची दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवली, कोणतं ठेवायचं सांगा म्हणून. दुपारी आमच्या तालमीच्या शेडमध्ये सगळी माणसं बोलावली. त्यांच्यासमोरच चूक पुसायची होती मला. आधी बरोबर शेवटाचं लावलं. स्वच्छ, नीट. मग चुकलेलं. कॉर्नेट वरातीत शिरलं आणि सवयीने माझा हात फोनकडे गेला, पण फोन अण्णांच्या हातात होता. बँडच्या वर ताईंचा आवाज आला. त्या थांबल्या नव्हत्या. आम्ही चुकलो तशा त्याही आमच्यामागून वरातीत आल्या होत्या, त्या अर्थ नसलेल्या बोलांनी कॉर्नेटला गाठत, मध्ये हसत, पुन्हा गाठत. बँड विस्कटून थांबला तरी त्या एकट्या गात राहिल्या, दम संपेपर्यंत. इकडे मी अण्णांवर ओरडत होतो तेव्हा नवरीच्या खोलीत हे चाललं होतं...

अण्णांनी डोळे पुसले. "मालक, माजं चुकलं म्हनून बाई एवढं जास्ती गायल्या बगा."

मी निखिलला सांगितलं, आहे तसंच राहू दे. तक्रार माझी अजून आहे. आधी मला विचारायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर पुन्हा सांगितलं असतं. पण हल्ली तालीम संपली की अण्णा ते गाणं लावतात. मी घाई करत नाही. ताईंचा दम संपेपर्यंत शेडमध्ये कुणी वाद्य पेटीत ठेवत नाही.