नऊ ठोकळे

पन्नाशी उलटल्यावर मी मानसशास्त्राला प्रवेश घेतला आणि परवा पहिलं प्रात्यक्षिक घरातच केलं. बुद्धिमापनाचे लाल-पांढरे ठोकळे थोरल्या जाऊबाईंपुढे, म्हणजे आमच्या वहिनींपुढे ठेवले, नक्षीचं कार्ड दाखवून तशीच नक्षी जुळवायला सांगितली आणि घड्याळ सुरू केलं.

वहिनींनी ठोकळ्यांना हातच लावला नाही. हात मांडीवर, नजर कार्डावर. सेकंद पळत होते. घरात सगळे त्यांना संथ म्हणतात, मीही म्हणते. जमत नाहीये बहुतेक, असं माझ्या मनात येतंय तोवर त्यांचा हात हलला आणि नऊच्या नऊ ठोकळे एकामागून एक जागेवर बसले. एकही परत उचलावा लागला नाही.

“अगं, आधी डोळ्यांनी लावून घेतले,” त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावर काटा आला! पंचवीस वर्षं आम्ही एका ओट्यावर स्वयंपाक करतोय. गॅस पेटवण्याआधी त्या नुसत्याच उभ्या राहतात, तेव्हा काय चाललेलं असतं ते त्या दिवशी कळलं. आमच्या पुस्तकात माणसांच्या बुद्धीचा आलेख टेकडीसारखा काढलाय. कोण अलीकडच्या पायथ्याशी, बहुतेक जण मधे माथ्यावर, कोण पलीकडच्या उतारावर. पण माणसाची चाल त्यात कुठे दिसते? ती बघायला अजून किती माणसं, किती हात बाकी आहेत, या विचारानं मला बसवेना.

“आता तू लाव, मी बघते,” म्हणत वहिनींनी घड्याळ घेतलं आणि दुसरं कार्ड काढलं.

त्यांनी ते सरळ करून ठेवेपर्यंत मी दोन ठोकळे उचललेसुद्धा होते.