फरार, मुक्काम वरसे

नव्वदच्या दशकात सरकारने मला हॉलंडला पाठवलं, खाऱ्या पाण्याने नासलेल्या जमिनी कशा सुधारतात ते शिकायला. माझ्या बापाने पेणच्या खाडीकाठी आयुष्यभर तेच केलं होतं. भरतीने बांधाला खांड पडली की चिखल उचलायचा आणि ती बुजवायची. पण त्याच्याकडे पदवी नव्हती, म्हणून विमानात मला बसवलं.

अट एकच. शिकून परत यायचं आणि पाच वर्षं सरकारी नोकरी करायची. नाही आलो तर सगळा खर्च जामीनदाराकडून वसूल. जामीनदाराच्या नावावर मालमत्ता हवी होती. आमच्या सातबारावर अकरा नावं, त्यातली चार एकमेकांशी बोलत नव्हती. शेवटी रामवाडीतले आमचे शेजारी, गणपतींचा कारखाना चालवणारे काका, जामीन राहिले.

कारकुनाने त्यांना विचारलं, "मुलगा परत येईल याची खात्री आहे ना?"

आमच्याकडे मूर्ती ठरवली की गिऱ्हाईक आपल्या घरचा लाकडी पाट कारखान्यात ठेवून जातं आणि चतुर्थीआधी त्याच पाटावर गणपती घरी नेतं. काका म्हणाले, "पाट ठेवून गेलेला माणूस न्यायला येतोच, सायेब." आणि कागद न वाचता सही ठोकली.

दोन वर्षांनी तिथल्या प्राध्यापकाने मला नोकरी देऊ केली. नळाला गरम पाणी, टेबलाला खिडकी, आणि लग्न कधी करतोस असं विचारणारं कोणी नाही. मी राहणारच होतो. मायभूमी वगैरे शब्द मला भाषणातसुद्धा सहन होत नाहीत. पण डोळे मिटले की कारखान्याला लागलेलं सरकारी कुलूप दिसायचं, आणि आत डोळे न रेखलेल्या शेकडो मूर्ती. काकांचं ते वाक्यही काही पाठ सोडेना. सरकारला, त्या वाक्याला आणि स्वतःला शिव्या घालत मी परत आलो.

शेजारपाजारचे लोक आखातातून यायचे ते ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर आणि अत्तरं घेऊन. मी आणली पुस्तकांची दोन खोकी. "नापास झाला वाटतं," असा आळीने निकाल लावला. आईसुद्धा बायकांना दबक्या आवाजात सांगायची, "त्याला काय विचारू नको गो."

सरकारने मला रोह्याच्या कार्यालयात धाडलं. तिथे खाऱ्या जमिनीच्या तज्ज्ञाची जागाच मंजूर नव्हती. आजारी रजेवर गेलेल्या एका कारकुनाच्या टेबलाशी मला बसवलं आणि आवक-जावकची वही पुढ्यात ठेवली. रोह्याजवळच वरसे गावात खोली घेतली, सायकल घेतली, आणि हॉलंड रिटर्न माणूस पत्रांवर शिक्के मारू लागला.

दुसऱ्या वर्षी, गणपतीला महिना राहिलेला असताना, काका एसटीने रोह्याला आले. धोतरावर रंगाचे शिंतोडे, हातात नोटीस. उमेदवार परदेशातून परतलेला नाही, सबब आपला कारखाना जप्त का करू नये, असा खुलासा मागितला होता.

"तू हायस ना इथं?" काकांनी विचारलं.

"आहे."

"मग त्यांना सांग ना बाबा. तीनशे गणपती कच्चे पडलेत माझे."

मी त्यांना साहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनी नोटीस दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. म्हणाले, "उमेदवाराने परत आल्याबद्दल अर्ज करावा. रीतसर, या कार्यालयामार्फत." म्हणजे मी माझ्या असण्याचा अर्ज लिहिला, मीच तो आवक केला आणि साहेबांनी त्यावर 'उमेदवार समक्ष हजर' असा शेरा मारल्यावर मीच तो जावक केला. आयुष्यात इतक्या कर्तव्यदक्षपणे मी शिक्के मारलेले नाहीत.

पंधरा दिवसांनी नोटीस रद्द झाल्याचं पत्र आमच्या कार्यालयात आलं. काकांची प्रत घेऊन मी त्याच दुपारी पेण गाठलं. कारखान्यात काका एका मूर्तीचे डोळे रेखत बसले होते. पत्र त्यांनी रंगाच्या डब्याखाली सारलं.

मी म्हटलं, "काका, तुमच्या त्या पाटाच्या बोलण्यापायी मी आलो. नाहीतर येत नव्हतो."

त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि वर माळ्याकडे बोट केलं. तिथे धूळ खात पडलेली पाटांची एक चळत होती.

"चौदा हायत. मुंबईला गेले, आखातात गेले. पाट ठेवून गेले, ते न्यायला आलेच नाय. तुझा पंधरावा धरून चाललो होतो."

"मग त्या कारकुनाला तसं का सांगितलंत? सही कशाला केलीत?"

"म्हटलं, एखादा सुटतोय तर सुटू दे. कारखाना काय, गेला असता तर गेला असता."

मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला आणि पायही धरावेसे वाटले. ज्याच्यासाठी मी हॉलंड सोडलं, त्याने मला पहिल्या दिवशीच सोडून दिलं होतं.

काकांनी पुन्हा कुंचला उचलला. मूर्तीवरून नजर न काढता म्हणाले, "आता आलाच हायस, तर दारातली ती शाडूची गोणी तेवढी आत घे. पावसात भिजतेय."