बाबांनी घासलेले दोन रॉड

बाबा गेले तेव्हा त्यांच्या जुन्या जीपचं इंजिन पुढच्या खोलीत उघडं पडलेलं होतं. गाडीला ओढ जास्त मिळावी म्हणून त्यांनी त्यात मोठ्या फेऱ्याचा क्रँकशाफ्ट बसवायला घेतला होता. त्यामुळे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे कनेक्टिंग रॉड जास्त बाहेर फिरत आणि त्यांचे खांदे इंजिनाच्या ब्लॉकच्या खालच्या कडेला अडत. खांदे घासून वाट करून द्यायची, एवढं काम. चारांपैकी दोन रॉड बाबांनी पुरे केले होते, तेही कानशीनं, लांबीच्या दिशेनं. आडवा ओरखडा राहिला की तिथूनच तडा जातो, असं ते म्हणत.

आईचं एकच म्हणणं होतं: इंजिन भंगारात द्यायचं नाही, जीप चालू होऊनच दारातून निघाली पाहिजे. उरलेले दोन रॉड मी करणार होते.

तेराव्याला बाबांचे एक जुने मित्र आले, मी त्यांना काका म्हणते. चितेगावच्या कारखान्यात दोघं बरोबर होते. पंगत बसली तरी काकांचा पत्ता नाही, आणि पुढच्या खोलीतून ग्राइंडरचा आवाज. मी धावले. तिसरा रॉड त्यांच्या हातात, पांढऱ्या सदऱ्यावर काळी भुकटी, चेहऱ्यावर समाधान.

“काका, हे काय करताय?”

“दोस्ताचं काम पुढं नेतोय, पोरी. लई नाय घेतलं, जरासंच.”

“ग्राइंडरनं?”

“कानशीनं घासत बसलो तर माझं बी तेरावं इथंच करावं लागंल. चल, वाढ आता.”

पाहुणे गेल्यावर मी रॉड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. काकांचा सगळ्यांत हलका निघाला. चारही सारख्या वजनाचे नसले तर इंजिन थरथरतं, आणि गेलेलं लोखंड परत लावता येत नाही. त्या जुन्या मॉडेलचा दुसरा रॉड छावणीतल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतही मिळेना. काकांना फोन केला.

“मग बाकीचे हलके कर की,” ते म्हणाले. जणू पोह्यात मीठ कमी घालायचं होतं.

बाकीचे म्हणजे बाबांचे दोन. चौथा मी केला. मग काकांच्या रॉडवरचे ओरखडे पॉलिश पेपरनं काढताना तो आणखी हलका झाला, तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. बाबांचे रॉड मात्र फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. रोज दार उघडायचं, बघायचं, बंद करायचं.

शेवटी आईच वैतागली. “काय मुहूर्त काढतेस का?”

“त्यांच्या हातचे आहेत गं.”

“देव्हाऱ्यात ठेवायला केले होते का त्यांनी? गाडीत जायला केले होते ना? मग जाऊ दे की.”

मी घासले. बाबांची चमक गेली, माझी मळकट चमक आली. पुन्हा पॉलिश केलं. चौथाही आणखी जरा घासला, तेव्हा चौघांचा काटा जुळला.

सगळं जोडल्यावर आईनं परातीतून कणकेचा गोळा आणला आणि ब्लॉकच्या कडेला जिथं जिथं अडण्याची भीती होती तिथं चिकटवला. मी पान्यानं क्रँक सावकाश फिरवला. कणीक चारही ठिकाणी दबली, पण तुटली नाही. फुलक्याएवढी जाडी राहिली होती, म्हणजे रॉडला तेवढी वाट होती.

“आणखी एक फेरा,” आई म्हणाली. तोही निघाला. मग तिनं पाना माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच फिरवत राहिली.

काकांना कळवावंच लागलं.

“बघ, सांगितलं व्हतं ना, जरासंच घेतलंय,” ते म्हणाले. “येतोच मी उद्या, पुढचं बघू.”

मी फोन ठेवला आणि ग्राइंडर कपाटात घालून कुलूप लावलं.