मास्तरांची ओळ आणि माझी ओळ

मास्तरांनी छापलेला ताव माझ्या टेबलावर पसरला आणि पान एकेचाळीसवर बोट ठेवलं.

“इथे माझी एक ओळ होती. ती कुठे गेली?”

“मी काढली,” मी म्हणाले.

मशीन चालू होतं. त्यांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण आलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आणि ही जी आहे, ती कुणाची?”

“माझी.”

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी मल्लेश्वरममधल्या एका छापखान्यात प्रूफरीडर आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं, घरात मराठी, बाहेर कन्नड. राज्यांची फेररचना झाल्यावर बेळगावकडच्या मराठी शाळा आमच्या म्हैसूर राज्यात आल्या. अण्णांकडे देवनागरी टाइप होता. त्यामुळे तिकडची काही पुस्तकं आमच्याकडे छापायला येऊ लागली. मास्तरांचा जगाचा इतिहास त्यातलाच. मास्तर निवृत्त हेडमास्तर. आयुष्यातलं हे एकच पुस्तक, तीन वर्षं खपून लिहिलेलं. सोमवारी ते पाठ्यपुस्तक समितीपुढे जायचं होतं. त्या दिवशी हुकलं तर पुढच्या वर्षी.

प्रूफरीडरचं काम लोकांना वाटतं तसं नाही. लेखकाचं हस्तलिखित असतं, ती कॉपी. खिळे जुळवून झाले की कच्चा छाप काढतात, ते प्रूफ. आमच्याकडे हणमंतराव कॉपी मोठ्याने वाचतात आणि मी प्रूफवर नजर ठेवते. दोन्हींत फरक दिसला की खूण करायची. एवढंच. लेखक चुकलाय असं वाटलं तर समासात प्रश्नचिन्ह घालून प्रूफ लेखकाकडे पाठवायचं. मास्तरांनी मात्र कळवलं होतं, “पोस्टात वेळ जाईल. प्रूफं तुम्हीच बघा. विश्वास आहे.”

धडा होता अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. इंग्लंडच्या पार्लमेंटने तिथल्या वसाहतींवर स्टॅम्पचा कायदा लादला. वर्तमानपत्र, पंचांग, कोर्टाचा कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा सरकारी शिक्का हवा, आणि शिक्क्याचे पैसे भरायचे. हे वाचताना माझे कान तापले. कर बसला होता छापखान्यांवर! ज्यांच्या हातात शाई त्यांनाच सरकारने डिवचलं होतं. मग व्हायचं तेच झालं. पत्रकं निघाली, सभा झाल्या, स्टॅम्प विकणाऱ्या अधिकाऱ्यांनी घाबरून राजीनामे दिले, विलायती मालावर बहिष्कार पडला, बायका घरी सूत काढू लागल्या. माझे वडील बेचाळीस साली सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. हा धडा मला परका नव्हता.

तेवढ्यात हणमंतरावांनी पुढचं वाक्य वाचलं. “वर्षभरात कायदा रद्द झाला, तेव्हा वसाहतींतील लोकांनी दिवे लावून राजाचा जयजयकार केला.”

मी पेन उचललं आणि वाक्य खोडलं.

“अगं अक्का, मी वाचलं ते खोडलंस?”

“हे शक्यच नाही. बंड करणारी माणसं राजाचा जयजयकार करतील?”

“ते मला काय ठाऊक? मास्तरांना विचार.”

“वेळ कुठे आहे?”

“स्वल्प थांब. लिहिणारा तो, छापणारा अण्णा. मधे तू कोण?”

मी थांबले नाही. पण वाक्य काढलं की पानात एका ओळीचा खड्डा पडतो. तो भरायला मी तेवढ्याच लांबीचं माझं वाक्य घातलं. “त्या दिवशी त्या जनतेने राजाचे जू मानेवरून कायमचे फेकून दिले.” मला ते फार आवडलं. खाली मास्तरांनी लिहिलं होतं की चहा महाग झाला म्हणून बोस्टनच्या लोकांनी तो समुद्रात टाकला. वडिलांच्या एका पत्रकात चहा स्वस्त झाल्याचं वाचलं होतं, म्हणून मी ‘महाग’ खोडून ‘स्वस्त’ केलं. फर्मा, म्हणजे एका तावावर एकदम छापायची पानं, छापला गेला. आमच्याकडे मराठी टाइप थोडा, म्हणून खिळे लगेच सोडून खणांच्या केसमध्ये परत गेले.

आणि गुरुवारी मास्तर आले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. “सरोजा, तुला उद्यापासून यायचं कारण नाही.”

“अण्णा, मी इतिहास बिघडवला नाही. सुधारला.”

“तुझ्याकडे पुरावा?” मास्तरांनी विचारलं.

“वडिलांच्या ट्रंकेतलं पत्रक आहे. अमेरिकेच्या लढ्यावरचं.”

“पत्रक पेटवायला असतं, बाळ. पुराव्याला नव्हे. चल.”

आम्ही बसने कब्बन पार्कातल्या लायब्ररीत गेलो. मास्तरांनी दोन जाड इंग्रजी ग्रंथ मागवले. पंधरा मिनिटांत माझं वाक्य मेलं. कायदा रद्द झाल्यावर लोकांनी खरंच दिवे लावले होते, राजाच्या नावाने प्याले उंचावले होते. त्यांचं भांडण तेव्हा राजाशी नव्हतंच. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस बसत नाही, त्या पार्लमेंटने आपल्याला न विचारता आपल्यावर कर बसवला, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. राजा आपल्या बाजूचा आहे असं त्यांना अजून वाटत होतं. तो भ्रम जायला आणखी काही वर्षं आणि आणखी काही कर लागले. माझ्या पत्रकाने ती वर्षं गाळली होती, कारण पत्रकाला घाई असते.

मग मास्तर चहाच्या पानावर आले. तो मजकूर त्यांनी दोनदा वाचला. इंग्रजांच्या व्यापारी कंपनीला थेट चहा विकायची सवलत मिळाली आणि चहा स्वस्त झाला, चोरून आणलेल्या चहापेक्षाही. पण त्यावर पार्लमेंटचा करही होताच. स्वस्त चहाच्या घोटाबरोबर आपण पार्लमेंटचा हक्क गिळणार, हे ओळखून लोकांनी पेट्या पाण्यात टाकल्या.

“तीस वर्षं मुलांना मी महाग शिकवलं,” ते म्हणाले. “जुन्या पुस्तकात होतं, मी उतरवलं.”

मला बरं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“हसू नकोस. चहात तू बरोबर होतीस. तरी तू केलंस काय? मला न विचारता माझ्या पानावर तू कायदा केलास. त्या लोकांनी स्वस्त चहा का बुडवला ते आता तरी कळलं का?”

कळलं. मी दोन्ही ग्रंथ मिटले आणि परत द्यायला उचलले.

परत आल्यावर मास्तर अण्णांना म्हणाले, “हिला काढू नका. हिने ढवळाढवळ केली नसती तर चहा महागच राहिला असता.”

“आणि पुस्तक?”

उपाय हणमंतरावांनी काढला. फक्त एकेचाळीस-बेचाळीसचं एक पान पुन्हा जुळवायचं, छापायचं, आणि प्रत्येक प्रतीतलं जुनं पान कापून तिथे नवीन चिकटवायचं. प्रती हजार. माझी ओळ काढून मास्तरांची परत घातली, दोन्ही सारख्या लांबीच्या असल्याने पान हललं नाही. चहाचं वाक्य मास्तरांनी स्वतः नव्याने लिहिलं. शुक्रवार ते रविवार आम्ही चौघं खळीच्या डब्याभोवती बसलो. अण्णा कापत, हणमंतराव खळ लावत, मी चिकटवत. मास्तर प्रत्येक पान बोटाने दाबून बघत. अविश्वासाने नव्हे, म्हणाले, सवयीने. सोमवारी पुस्तक समितीपुढे गेलं आणि पुढे मंजूरही झालं.

माझी नोकरी राहिली. चूक दिसल्यावर गप्प बसणं मला अजूनही जमत नाही, आणि जमावं असंही वाटत नाही. पण आपलं म्हणणं बरोबर असलं म्हणून दुसऱ्याच्या पानावर आपला हक्क होत नाही. आता शंका आली की मी लेखकाला पोस्टकार्ड टाकते. उत्तर यायला चार-पाच दिवस लागतात. तोवर फर्मा अडून राहतो, अण्णा कुरकुर करतात, आणि मी थांबते.